ऊर्खा म्हणजे वाट

इंग्लंडमधली पहिली पाच वर्षं मी म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात काढली. त्या काळी हिंदुस्थानातून आलेल्या डॉक्टरांना सर्जरीसारखी कामं क्वचित मिळत. इथले तरुण डॉक्टर जिथे जायला नाखूश असत तिथे आम्हाला जागा असे, आणि म्हाताऱ्यांच्या वॉर्डात ती कायमच असे. आमचं हॉस्पिटल थेम्सच्या बाजूला, मेडनहेडहून बसने अर्ध्या तासावर होतं. पूर्वी त्या इमारतीत निराधार माणसांना ठेवून घेत आणि त्यांच्याकडून दगड फोडून घेत. गावातल्या म्हाताऱ्यांना ते आठवत होतं. अँब्युलन्समधून उतरवताना काही जण रडायचे, कारण त्यांच्या लहानपणी त्या दारातून आत गेलेलं माणूस परत येत नसे. माझ्या वेळेलाही फारसं येत नसे.

माझे यजमान बेसिंगस्टोकच्या हॉस्पिटलात होते. ते सदुसष्ट साली आले, मी अडुसष्टच्या हिवाळ्यात. दोघांना आपापल्या हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये एकेक खोली, आणि तिथे मूल ठेवायला परवानगी नव्हती. आमची मुलगी तेव्हा अडीच वर्षांची होती. तिला मी सांगलीला माझ्या थोरल्या बहिणीकडे, ताईकडे, ठेवून आले. सहा महिन्यांत जम बसेल आणि मग घेऊन जाऊ, असं ठरलं होतं. सहा महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाची अडीच वर्षं झाली. ताईची निळी पत्रं दर पंधरा दिवसांनी यायची. त्यांत एक वाक्य हमखास असायचं: काल पुन्हा विचारत होती, आई कुठे आहे म्हणून, मी सांगितलं, आई वाटेत आहे.

मी ते वाक्य वाचायची, पत्र घडी करून एप्रनच्या खिशात ठेवायची आणि राउंडला जायची.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात वॉर्डात एक म्हातारे गृहस्थ आले. पॅरालिसिसचा झटका येऊन उजवी बाजू गेली होती. घरमालकिणीला ते जिन्याच्या पायथ्याशी पडलेले सापडले. वय कागदावर अठ्ठ्याहत्तर लिहिलेलं. डोक्यावर दाट पांढरे केस, पण भुवया काळ्याभोर. इंग्रजी ते मोडकंतोडकं बोलत, असं घरमालकिणीने सांगितलं होतं, पण झटक्याने ती भाषा त्यांच्या डोक्यातून पुसून टाकली. असं पुष्कळदा होतं. मागाहून शिकलेलं आधी जातं, आणि आईच्या मांडीवर शिकलेलं मागे राहतं. त्यांच्याजवळ जी भाषा राहिली होती ती वॉर्डात कुणालाच कळत नव्हती. चार्टवर कुणीतरी पेन्सिलीने 'अरब' असं लिहून ठेवलं. मी त्यांना मनातल्या मनात बाबा म्हणायला लागले.

ते फार बोलत नसत. जे बोलत ते तेच तेच. त्यातला एक शब्द मला बुरखा असा ऐकू येई. माझी समजूत झाली की हे मुसलमान असावेत आणि बुरख्यातल्या बायकोची आठवण काढत असावेत. दुसऱ्या वॉर्डात बगदादचा एक डॉक्टर होता, त्याला मी बोलावून आणलं. तो पाच मिनिटं त्यांच्याशी बोलला आणि मान हलवत परत आला. ही अरबी नाही, म्हणाला. कधी काळी येत असेल त्यांना, आता गेली आहे.

मग एका रविवारी घरमालकीण त्यांच्या सपाता आणि दाढीचं सामान घेऊन आली, तेव्हा कळलं की बाबा ख्रिश्चन आहेत. इराणकडचे की इराककडचे, हे तिला नीट सांगता येईना. बायको फार वर्षांपूर्वी तिकडेच वारली, मूलबाळ नाही, वीस वर्षं एका लॉन्ड्रीत इस्त्रीचं काम करत होते. ईस्टरला तेवढे कोट घालून लंडनमधल्या ईलिंगला जायचे, त्यांच्या लोकांच्या प्रार्थनेला. हे सगळं तिने एका दमात सांगितलं. त्यातलं ईलिंग मी ऐकलं आणि सोडून दिलं. ते मी सोडून द्यायला नको होतं.

त्यांची एक सवय होती. जेवणाच्या ताटातला ब्रेडचा एक तुकडा ते खात नसत. तो उशीखाली ठेवत. सिस्टर रोज चादर झटकताना कुरकुर करायची. ती आयर्लंडची होती, स्वभावाने चांगली, पण तिला कचरा सहन होत नसे. एके दिवशी तिने तो तुकडा उचलला तेव्हा बाबांनी डाव्या हाताने तिचं मनगट धरलं आणि म्हणाले, "लखमा."

त्या वेळी आमचे फार्मसिस्ट औषधांचं कपाट तपासायला वॉर्डात आले होते. हे साठीला आलेले, अलिबागकडचे बेने इस्रायल, म्हणजे आपले कोकणातले यहुदी. त्यांच्या आजोबांचा तेलाचा घाणा होता आणि शनिवारी तो बंद असे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. हे त्यांनीच मला सांगितलं होतं. माझ्या पहिल्या आठवड्यात मी हातातली बाटली फोडून "शी बाई" म्हणाले होते, तेव्हा कपाटामागून आवाज आला होता, "कुठल्या हो तुम्ही?" त्या दिवसापासून मी त्यांना काका म्हणायची. त्या वॉर्डात मराठी बोलायला मला तेवढं एकच माणूस होतं.

काकांनी कपाटाचं दार उघडंच टाकलं आणि ते पलंगाजवळ आले.

"काय म्हणाले हे?"

"लखमा की काय. रोज म्हणतात."

"लखमा म्हणजे रोटी," काका म्हणाले. "आम्ही पेसाहच्या सणाला ताट उचलून म्हणतो, ही गरिबीची रोटी. त्यात हाच शब्द आहे. ती अरामी भाषा."

अरामी भाषा अजून कुणी घरात बोलत असेल, हे त्यांना स्वतःलाही खरं वाटत नव्हतं. त्यांच्या लेखी ती पोथीतली, मेलेली भाषा. लहानपणी अर्थ न समजता पाठ केलेली. त्यांनी पाण्याच्या ग्लासकडे बोट दाखवून काहीतरी म्हटलं. बाबांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, मग तोच शब्द थोडा वेगळ्या उच्चाराने परत म्हटला. काकांचे डोळे भरून आले. मला त्या क्षणी फार आनंद झाला होता, हे मला कबूल केलं पाहिजे.

त्यानंतर काका रोज दुपारी दहा मिनिटं वॉर्डात येऊ लागले. एक लहान वही त्यांनी यासाठी केली होती. प्रार्थनेच्या पुस्तकातले शब्द आणि बाबांचे शब्द ते शेजारी शेजारी मांडत. निम्मेअधिक जुळत नसत. दोन हजार वर्षांत शब्द कुठच्या कुठे गेले, ते म्हणायचे, आणि माझं अरामी म्हणजे भटजीच्या संस्कृतासारखं. पण ज्याला मी बुरखा म्हणत होते तो शब्द त्यांनी सोडवला. एका गुरुवारी कॅन्टीनमध्ये चहा घेताना त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली.

बुरखा नव्हे, ब-ऊर्खा. ऊर्खा म्हणजे वाट. काकांच्या पोथीत तो ओर्खा असा येतो. शब्द फार जुना. लंडनला त्यांच्या ओळखीचे एक म्हातारे पंडित होते, त्यांना त्यांनी विचारलं होतं. बाबिलोनच्या मातीच्या विटांवर उर्खु असा लिहिलेला सापडतो, म्हणजे अरामीच्याही आधीचा. हिब्रूत त्याच मुळापासून वाटसरूंच्या तांड्याला शब्द आहे आणि पाहुण्यालाही. पाहुणा म्हणजे वाटेवरून आलेला. शिवाय ऊर्खा म्हणजे रीत. माणसाची चालण्याची वाट तशी वागण्याची वाट. बायकांची मासिक पाळीदेखील जुन्या ग्रंथात बायकांची वाट म्हणून येते, हे काकांनी चहाच्या कपात बघत सांगितलं. आणखी एक शब्द होता, पक्क्या बांधलेल्या रस्त्याचा, तो अरामी माणसांनी रोमन लोकांकडून उचलला. इंग्रजीतलं स्ट्रीटही तिथूनच आलेलं. पण तो फौजांचा रस्ता. ऊर्खा ही पायांनी पडलेली.

मला हे सगळं ऐकताना आपलं काहीतरी सापडल्यासारखं वाटलं. आपल्याकडेही रस्ता फारसीतून आला आणि वाट आपली घरची. आपल्यालाही वाट पाहता येते, वाट चुकते, एखाद्याची वाट लागते. मी काकांना हे बोलून दाखवलं. तेही हसले.

मग मी विचारलं की ब-ऊर्खा म्हणजे काय.

"ब म्हणजे मध्ये. वाटेत. ते म्हणतात, ब्राती ब-ऊर्खा. माझी मुलगी वाटेत."

"म्हणजे यांना मुलगी आहे. ती निघाली आहे."

काकांनी चहा ढवळला. "वाटेत, एवढंच ते म्हणतात, डॉक्टर. येते आहे की जाते आहे, ते त्या शब्दात नाही."

"वाटेत असलेलं माणूस येतच असतं," मी म्हणाले.

हे वाक्य माझं आहे. काकांचं नाही. पुढे ते स्वतःला दोष द्यायचे तेव्हा मी त्यांना हे सांगायची, पण त्यांनी ते कधी मानलं नाही. माझ्या खिशात त्या दिवशी ताईचं पत्र होतं. त्यात ते नेहमीचं वाक्य होतं. वाटेत या शब्दाचा दुसरा अर्थ त्या काळात मला परवडणारा नव्हता.

मी काकांना विचारलं की 'येते आहे' याला काय म्हणतात. "आत्या," ते म्हणाले, आणि आम्ही दोघंही पुन्हा हसलो. तुझी मुलगी म्हणजे ब्रताख. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांच्या पलंगावर वाकले आणि सावकाश म्हणाले, "ब्रताख आत्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. मग डाव्या हाताने माझी बाही घट्ट धरली आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सिस्टर म्हणाली, बघा, पहिल्यांदाच त्यांना काहीतरी कळलं. मी तिला त्याचा अर्थ सांगितला. तिने तो नर्सेसना सांगितला. त्या दिवसापासून चहा देताना, अंग पुसताना, कूस बदलताना जी ती बाबांना आत्या, आत्या म्हणू लागली. वेल्सच्या मुली, जमेकाच्या मुली, प्रत्येकीचा उच्चार निराळा.

बाबा बदलले. जेवण कमी झालं. दुपारी झोपायचे ते झोपेनासे झाले. दाराशी पावलं वाजली की सगळं अंग ताठ व्हायचं. आम्ही म्हणायचो, वाट बघताहेत बिचारे. थोड्या दिवसांनी त्यांनी तोंड भिंतीकडे करून पडायला सुरुवात केली. तेव्हा दार नीट दिसावं म्हणून आम्ही त्यांचा पलंगच फिरवला. पलंगाशेजारी एक खुर्ची ठेवली, येणाऱ्या मुलीसाठी. ती खुर्ची दुसऱ्या कुणाला न्यायची नाही, असं मी बजावून ठेवलं होतं.

याच दिवसांत त्यांच्या बोलण्यात एक नवा शब्द आला. श्विकाली. ब्राती, ब-ऊर्खा, श्विकाली. काकांनी वहीत तो लिहून घेतला आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. गावाचं नाव असेल, म्हणाले. मी नकाशात बघितलं. हरवलेल्या नातेवाइकांचा शोध घेणाऱ्या एका संस्थेला पत्र लिहिलं, त्यात हे गाव घातलं. त्यांचं उत्तर आलं की असं गाव त्यांना माहीत नाही.

ईलिंग मला सप्टेंबरात आठवलं. तोपर्यंत मी परीक्षेच्या अभ्यासात होते. ती परीक्षा पास झाले की पगार वाढेल, भाड्याचं घर मिळेल, मुलीला आणता येईल, असा माझा हिशेब. आठवड्यात तीन रात्री ऑन कॉल, उरलेल्या वेळात पुस्तकं. घरमालकिणीकडून पत्ता मागवून मी ईलिंगच्या त्यांच्या लोकांना पत्र टाकलं, त्याला उशीर झालेला होता. त्याच आठवड्यात बाबांच्या छातीत कफ भरला आणि ताप चढला.

काका दोन दिवस रजेवर होते. त्यांचा दारफळणीचा सण होता, वर्षातला सगळ्यांत मोठा उपास, ज्या दिवशी त्यांच्या जुन्या लोकांच्या घरी दारं लावून घेऊन बसत. दर वर्षी ते त्यासाठी लंडनला जात. उपासाच्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला बाबांचा श्वास बदलला. मला बोलावलं. मी खुर्ची ओढून, त्या मुलीच्या खुर्चीत, बसले. त्यांचा हात हातात घेतला. शेवटचं काहीतरी चांगलं कानावर पडावं म्हणून मी त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, ब्रताख आत्या. दोनदा म्हणाले. त्यांनी डोळे उघडले होते. त्या डोळ्यांत काय होतं ते मी तेव्हा वाचलं नाही, आणि आता वाचायचं नाही म्हटलं तरी वाचावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका ड्यूटीच्या आधीच वॉर्डात आले. दाढी केलेली नव्हती. पलंग रिकामा होता, गादी उन्हात घातलेली. ते तसेच उभे राहिले. मी त्यांना लिनन ठेवायच्या खोलीत नेलं.

त्यांनी सांगितलं ते असं. उपासाच्या आदल्या संध्याकाळी देवळात एक प्रार्थना म्हणतात. वर्षभरात केलेले नवस, घेतलेल्या शपथा, सगळ्या सुटाव्यात म्हणून. ती प्रार्थना अरामीत आहे. तेराव्या वर्षापासून ते ती दर वर्षी म्हणत आले होते. या वर्षी म्हणता म्हणता एका शब्दाशी त्यांची जीभ थांबली. शविकीन. सोडलेल्या, सोडून दिलेल्या.

"श्विकाली हे गाव नाही," ते म्हणाले. "मी तिला सोडली. एवढाच त्याचा अर्थ आहे."

उपासात टेलिफोन करायचा नाही, प्रवास करायचा नाही, म्हणून ते दुसऱ्या दिवशी आकाशात तारे दिसेपर्यंत थांबले. टेलिफोनशी गेले तेव्हा त्यांना वाटलं, हे टेलिफोनवर सांगण्यासारखं नाही, सकाळी जाऊन सांगू.

मी त्यांना म्हणाले, की अजून आपल्याला खात्रीने काही माहीत नाही. तीन शब्दांवरून माणसाचं आयुष्य जोडू नये. ते म्हणाले, आपण एका शब्दावरून जोडलं होतं.

खात्री आठ दिवसांनी झाली. माझ्या पत्राला ईलिंगहून उत्तर आलं नाही, माणसंच आली. एक सत्तरीची बाई, काळ्या रुमालाची, आणि तिचा पुतण्या, जो इंग्रजी चांगलं बोलत होता. गावच्या कब्रस्तानात पुरताना आम्ही सात जण होतो, घरमालकीण धरून. त्यांचा पाद्री आजारी होता, म्हणून त्या बाईनेच प्रार्थना म्हटली. काका थोडे मागे उभे होते. त्यांचे ओठ हलत होते.

नंतर कब्रस्तानाच्या भिंतीशी असलेल्या बाकावर ती बसली आणि मी पुतण्यामार्फत तिला विचारलं. ती बाबांच्याच गावची होती, इराणातल्या उर्मियाच्या सरोवराकडची. पहिल्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षी त्यांची गावंच्या गावं उठून दक्षिणेला पळाली, इंग्रजांच्या फौजेच्या आसऱ्याला. उन्हाळा होता. मागून मारणारे येत होते. वाटेत कॉलरा आणि ताप. बाबांबरोबर त्यांची आई होती, तिला चालता येत नव्हतं, आणि चार वर्षांची मुलगी. बायको दुसऱ्या टोळीबरोबर पुढे गेलेली. दोघींना ते पाठीवर आळीपाळीने नेत होते. तीन दिवसांनी मुलीला ताप आला आणि त्यांना दोघींना नेता येईना.

त्यांनी मुलीला वाटेकडेच्या एका झाडाखाली बसवलं, तिच्या हातात रोटी दिली, आणि आजीला पुढच्या तळावर ठेवून येतो म्हणून सांगितलं. पुढच्या तळावरून त्यांना कुणी मागे जाऊ दिलं नाही. आई दुसऱ्याच दिवशी गेली.

"पुष्कळांनी सोडली," ती बाई म्हणाली. पुतण्याने हे वाक्य इंग्रजीत सांगताना आवाज खाली आणला. तिच्या स्वतःच्या भावंडांबद्दल ती काही बोलली नाही आणि मी विचारलं नाही.

मला विचारायचं होतं ते वेगळंच होतं. मी पुतण्याला म्हणाले, की आम्ही त्यांना दोन महिने एक वाक्य सांगत होतो, काकांच्या पोथीतल्या भाषेत. ते त्यांना समजलं असेल का? त्याने विचारलं, कोणतं. मी ते म्हटलं. पुतण्याने मान खाली घातली. बाईला भाषांतराची गरज पडली नाही. उच्चार जुना होता, पुतण्या म्हणाला, पण कळण्यासारखा होता.

बाईने त्याला काहीतरी विचारलं. तो म्हणाला, ती विचारते आहे, हे त्यांना कुणी सांगितलं.

"मी," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. रागाने नाही. तिने रागाने बघितलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मग तिने कोटाची बटणं लावली आणि पुतण्याला बसची वेळ विचारली.

त्या रविवारी मी बेसिंगस्टोकला गेले आणि यजमानांना सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, की मी चांगल्या मनाने केलं, आणि अशा पेशंटला शेवटी फारसं काही कळत नसतं. डॉक्टर म्हणून मीही दुसऱ्या कुणाला हेच सांगितलं असतं. पण मला तो धरलेला हात आठवत होता, आणि भिंतीकडे वळलेलं तोंड, आणि ते दाराकडे करण्यासाठी आम्ही चार जणींनी मिळून फिरवलेला पलंग.

त्याच रात्री मी ताईला पत्र लिहिलं. तिला लिहिलं, की आई वाटेत आहे असं मुलीला यापुढे सांगू नकोस. आई इंग्लंडमध्ये आहे, नोकरी करते आहे, आणि कधी येईल ते तिला माहीत नाही, असं सांग. ताईचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. तिने लिहिलं होतं, की आता सांगायचं काही कारण उरलेलं नाही. पोरीने विचारणं मागच्या दिवाळीपासूनच बंद केलं आहे. मला वाईट वाटेल म्हणून ताई पत्रात ते वाक्य आपलं लिहीत राहिली होती.

काका त्यानंतर माझ्याशी नीट बोलले नाहीत. भांडण नव्हतं. कपाट तपासायला यायचे, मान हलवायचे, जायचे. एकदा मी त्यांना चहाला बोलावलं तेव्हा म्हणाले, की दर वर्षी जो शब्द मी तोंडाने म्हणतो तो मला कानाने ओळखता आला नाही. ते सांगत असताना त्यांच्या हातात औषधांची यादी होती आणि ते तिच्यावर खुणा करत राहिले. दोन वर्षांनी ते निवृत्त होऊन लंडनला राहायला गेले. मी पत्ता मागितला नाही, त्यांनी दिला नाही.

परीक्षा मी पहिल्या खेपेला नापास झाले. दुसऱ्या खेपेला पास झाले, पण जागा त्याच वॉर्डात मिळाली. बाबांच्या पलंगावर त्या अवधीत किती जण आले आणि गेले ते मला सांगता येणार नाही. ब्रेडचे तुकडे उशीखाली ठेवणारे आणखीही निघाले, म्हातारी माणसं ठेवतात. सिस्टर ते टाकून द्यायची.

मुलगी त्र्याहत्तरच्या मे महिन्यात आली, विमानातल्या एका ओळखीच्या कुटुंबाबरोबर. सात वर्षांची, दोन वेण्या, ताईने शिवलेला फ्रॉक. मी पुढे झाले तेव्हा तिने वाकून मला नमस्कार केला, जसा मोठ्या माणसांना करायला शिकवतात तसा. गाडीत ती खिडकीशी बसली. मी विचारलं, भूक लागली आहे का. ती म्हणाली, "नाही. तुम्हाला लागली आहे का?"

ताईला ती तू म्हणायची. मला तिने कधी तू म्हटलं नाही. मी रागावून बघितलं, लाडाने बघितलं, एकदा रडूनही बघितलं. ती घाबरून प्रयत्न करायची आणि दुसऱ्या वाक्यात पुन्हा तुम्ही यायचं. पुढे शाळेत रुळली तशी मराठी सुटत गेली आणि आम्ही घरात इंग्रजी बोलायला लागलो. आता ती रविवारी फोन करते, तब्येतीची चौकशी करते, अगदी नियमाने. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच असतं. त्यामुळे ती मला मनात काय म्हणते ते मला कळत नाही, आणि मी विचारत नाही.